डाव्या बाजूचा आवाज

१ ऑक्टोबर, बुधवार. आश्विन शुद्ध नवमी

ज्या श्रीहरीने कानाला ऐकण्याची आणि जिभेला आवरण्याची शक्ती दिली, त्याला प्रथम वंदन. शारदामाता या वहीवर प्रसन्न असो, लिहिणाऱ्याच्या हातून असत्य अक्षर न उमटो, आणि गुरुचरणांची स्मृती ओळीओळीत जागी राहो.

आता विषय. येत्या कार्तिक वद्य तृतीयेस आमचे गुरू नरहरिशास्त्री यांची पंचविसावी पुण्यतिथी आहे. बेचाळीस वर्षांपूर्वी मल्लेश्वरमच्या याच घरात त्यांनी पुराणसप्ताह केला, तो मी सात कॅसेटवर उतरवून घेतला. पुण्यतिथीला सातव्या दिवसाची कॅसेट लावावयाची आणि दर शनिवारी सायंकाळी इतर दिवसांची, हा नेम आजवर मोडलेला नाही. त्यासाठी कॅसेट लावण्याचे यंत्र, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर आणि डावा-उजवा असे दोन स्पीकर मी अपत्यासारखे जपले आहेत.

आज आयुधपूजा. सकाळी दूध आणावयास गेलो, तर रस्त्यावर रिक्षांना केळीचे खांब बांधलेले आणि चौकात कोहळे फोडून कुंकू सांडलेले. घरी येऊन विळी, मिक्सर, वसुमतीचे शिवणयंत्र आणि माझा चष्मा यांची पूजा केली. ध्वनियंत्राची पूजा यंदा विशेष केली. दरवर्षी वरवर बोट लावून भागवत असे. यंदा मागच्या बाजूच्या तारा उपसल्या, धूळ पुसली, आणि तारा शिरतात त्या प्रत्येक छिद्रास उगाळलेले गंध व कुंकू आतून-बाहेरून लावले. देहाची इंद्रिये तशी यंत्राची ही द्वारे. एकही वगळले नाही. मग तारा पुन्हा घट्ट बसविल्या.

वसुमती म्हणाली, "अहो, स्वल्प जास्तच झाले."

पूजा कधी जास्त होते काय?

४ ऑक्टोबर, शनिवार

आज विपरीत घडले. चौदा श्रोते बसले होते. बटण दाबले आणि खोलीत भुंगा शिरावा तसा गुंजारव सुरू झाला. आवाज वाढवावा तो भुंगाही वाढे.

रघुनंदनराव आमच्या शनिवारचे सर्वांत जुने श्रोते. बँकेतून निवृत्त झाले, तरी थट्टेतून निवृत्त झाले नाहीत. म्हणाले, "अण्णा, यंत्राने आज तुमच्या आधीच ओंकार लावला की."

त्या गुंजारवातून उजवीकडून गुरुजींचा आवाज आला. डावा स्पीकर मात्र गप्प.

हे प्रकरण नीट लिहून ठेवतो. सप्ताहात दोन ध्वनिग्राहक लावले होते. एक गुरुजींसमोर, तो उजवीकडे उमटतो. दुसरा वाचकासमोर, तो डावीकडे. वाचकाने मूळ श्लोक म्हणावा, मग गुरुजींनी त्याचे विवरण करावे. वाचक होता विठोजी. तेव्हा डावा स्पीकर गप्प, म्हणजे विठोजी गप्प.

मंगलाचरण संपले आणि श्लोकाची जागा आली. कॅसेट फिरते आहे, भुंगा घोंघावतो आहे, आणि चौदा माणसे स्पीकरच्या जाळीकडे पाहत बसली आहेत. तो श्लोक मला मुखोद्गत होता. मी म्हटला. मी थांबलो आणि पुढच्याच क्षणी गुरुजींचे विवरण सुरू झाले, जणू माझ्याच श्लोकाचे. असे अकरा श्लोक झाले.

जाताना रघुनंदनराव म्हणाले, "अण्णा, हा कंठ इतकी वर्षे कुठे लपवून ठेवला होता?"

मी नमस्कार केला. अहंकार झाला नाही. थोडे समाधान झाले, इतकेच.

५ ऑक्टोबर, रविवार

वरच्या मजल्यावर संपदा नावाची मुलगी भाड्याने राहते. पुण्याची आहे. तिच्या कार्यालयात दूरच्या सभांचे ध्वनी नीट करण्याचे काम चालते म्हणे. ती सकाळीच खाली आली. मला काका म्हणते. येथे सारे अण्णा म्हणतात, हे तिला कोणी सांगितलेले नाही.

"काका, काल सिस्टीममधून केवढा हम येत होता, वर फ्लोअरला व्हायब्रेशन जाणवत होतं. अर्थिंगचा किंवा कनेक्शनचा इश्यू असणार. मी बघू का? अर्ध्या तासाचं काम आहे."

मी म्हटले, "ते गुरुजींच्या वाणीचे यंत्र आहे. मडीत असल्याशिवाय त्याला कोणी हात लावत नाही."

"मडी म्हणजे?"

"सोवळे."

"ओके. मग मी आंघोळ करून येते."

"आज नको. आज मुहूर्त नाही."

मुहूर्त पाहिला नव्हता. पण रविवारी यंत्रे उघडू नयेत असे कोठेतरी वाचल्याचे स्मरते.

११ ऑक्टोबर, शनिवार

भुंगा तसाच, डावी बाजू तशीच, आणि श्रोते एकोणीस. पाच माणसे वाढली, हे यंत्र बिघडल्यामुळे की काय, ते श्रीहरी जाणे. मी तेरा श्लोक म्हटले. एक बाई डोळे पुसत होत्या.

सारे गेल्यावर वसुमतीस विचारले, "कसे झाले?"

"तुमचे उच्चार फार शुद्ध," ती म्हणाली. मग भांडी आवरीत राहिली.

"पण?"

"पण कुठे म्हटले मी?"

"तुझ्या पाठमोऱ्या उभे राहण्यात आहे."

तेव्हा ती वळली. "विठोजीराव म्हणायचे तेव्हा मला अर्थ कळत नसे. तरी कळल्यासारखे वाटे. तांब्याच्या घागरीत पाणी भरताना शेवटी आवाज कसा चढतो, तसे काही त्यांच्या गळ्यात होते. लग्न होऊन दोन वर्षे झाली होती मला. स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून सातही दिवस ऐकले. सरी, बरे, जाऊ दे. कॉफी घेता का?"

घेतली नाही.

बेचाळीस वर्षे एका घागरीचा आवाज तिने कानात जपून ठेवला, आणि माझ्या कानावर तो आज घातला.

या वहीत असत्य लिहिणार नाही असे म्हटले आहे, म्हणून जे कोणाला सांगितले नाही ते लिहितो. तो सप्ताह मी वाचणार होतो. निदान तसे मी धरून चाललो होतो. माझे पाठांतर पक्के, व्याकरण पक्के, घराण्यात सात पिढ्यांचे अध्ययन. विठोजीच्या पूर्वजांची ओळख तलवारीची. तो स्वतः पीण्या या कारखान्यांच्या भागात लेथयंत्रावर काम करी आणि हाताचे तेल पुसून पाठाला येई. सप्ताहाच्या आदल्या दिवशी गुरुजी म्हणाले, "गुरुराज, तू यंत्र सांभाळ. विठोजी वाचेल." एवढेच. का, ते सांगितले नाही, आणि गुरूला विचारण्याची आमच्यात पद्धत नव्हती. त्याला त्यांनी आसनापाशी बसविले आणि मला तारांपाशी. सातही कॅसेटमध्ये माझा एक शब्द नाही. पहिल्या दिवशी एक खोकला आहे, तो माझा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

होसकोट्याहून दूरध्वनी आला. विठोजी तेथे मुलाकडे राहतो. बारा वर्षांत येथे आलेला नाही. बोलत होती त्याची सून, संध्या.

"अण्णा, नमस्कार. मामंजींना पुण्यतिथीला यायचे आहे. चालेल ना?"

"गुरुजींची पुण्यतिथी आहे. चालेल काय विचारता? विठोजीला द्या फोन."

ती जरा थांबली. "ते इथेच बसलेत अण्णा. ऐकताहेत. तुम्ही बोला ना."

म्हणजे मी अर्ज करावा आणि महाराजांनी श्रवण करावे. मी म्हटले, "विठोजी, ये." उत्तर नाही. कोणी टेबलावर बोटाने दोनदा टकटक केल्यासारखे ऐकू आले. दरबारात असाच होकार देत असावेत.

संध्या पुन्हा म्हणाली, "अण्णा, एक विचारू? त्या दिवशी मामंजींचे वाचन लागेल ना? तेवढे पक्के असेल तर मी रजा काढून गाडीने आणते."

मी म्हटले, "सातवा दिवस लागेल. नेहमी लागतो."

फोन ठेवला. गुरुजींचे विवरण नव्हे. त्याला स्वतःचे वाचन ऐकावयाचे आहे. या वयात, इतक्या लांबून, स्वतःचाच आवाज ऐकण्यासाठी मनुष्य प्रवास करतो. अहंकार वयाबरोबर झिजतो असे मी कित्येकदा प्रवचनात सांगितले आहे. ते तपासून पाहावयास हवे.

वसुमती म्हणाली, "त्यांना बरे नाही का हो?"

"न बोलण्याइतका मोठा झाला आहे," मी म्हटले.

१९ ऑक्टोबर, रविवार

संपदा पुन्हा दाराशी. केस ओले, हातात छोटी पेटी.

"काका, केसांवरून आंघोळ केलीय, अजून चहासुद्धा घेतलेला नाही. आता बघू?"

दिवाळी तोंडावर आहे, असे मी सांगितले. वसुमती आतून म्हणाली, "दिवाळीचा आणि तारांचा काय संबंध?" मी ऐकले नाही असे दाखविले. मुलीला फराळाचे देऊन पाठविले.

रघुनंदनरावांकडून एक वार्ता मिळाली. होसकोट्याच्या भजनात विठोजी आता गात नाही, कोपऱ्यात बसून नुसता टाळ धरतो. विनयाचे प्रदर्शन करण्याचीही एक रीत असते.

२६ ऑक्टोबर, रविवार

मुहूर्त, सोवळे, सण, सारी कारणे संपली. काल गुंजारव इतका वाढला की गुरुजींचेच शब्द बुडू लागले, तेव्हा दुरुस्ती करणे प्राप्त झाले. संपदा सकाळी आली आणि तिने जे केले ते पाहण्यासारखे होते. तर्कशास्त्रात ज्याला निरास म्हणतात, एकेक शक्यता वगळीत जाणे, ते ही मुलगी बोटांनी करते.

प्रथम तिने यंत्राचे प्लग एकाच फळीवर आणले. भुंगा कायम. मग स्पीकरच्या तारा अदलाबदल केल्या, डाव्याची उजवीकडे. आता उजवा गप्प झाला आणि डाव्यातून गुरुजी बोलू लागले.

"म्हणजे स्पीकर दोन्ही ओके आहेत, काका. प्रॉब्लेम त्याच्या आधी आहे."

तारा पुन्हा जागच्या जागी लावल्या. मग अ‍ॅम्प्लिफायरची कळ कॅसेटवरून रेडिओवर फिरविली. बातम्या दोन्ही बाजूंनी स्वच्छ आल्या आणि भुंगा नाहीसा झाला. "अ‍ॅम्प्लिफायर पण ओके. राहिलं काय? कॅसेट डेक, त्याची वायर आणि ती जिथे घुसते ते सॉकेट." ती यंत्रामागे वाकली आणि विजेरी लावली.

"काका, ह्याच्या आत काय आहे? पिवळं, लाल." नखाने थोडे खरडून तिने वास घेतला. "चंदन?"

मी वसुमतीकडे पाहिले नाही. ती माझ्याकडे पाहत होती, हे मात्र मला कळत होते.

संपदेने समजावून सांगितले. गंध वाळून कडक झाले होते. उजव्या छिद्राच्या बाहेरच्या कड्याशी तारेचा स्पर्श होत नव्हता, म्हणून भुंगा. डाव्या छिद्राच्या मध्यभागीच गंध बसले होते, म्हणून मौन. तिने कान साफ करावयाच्या कापूसकाड्या स्पिरिटमध्ये बुडवून प्रत्येक छिद्र पुसले. अठ्ठावीस काड्या लागल्या. प्रत्येक काडी लाल होऊन येत होती.

"देवाला लावलेलं, म्हणून फेकत नाही. तुळशीत ठेवू का?" तिने विचारले. मुलगी चांगली आहे.

मग कॅसेट लावली.

गुंजारव नाही. आणि डावीकडून विठोजी. इतका स्पष्ट की श्लोकाआधी त्याने घेतलेला श्वासही ऐकू आला. वसुमती हातातले पीठ तसेच ठेवून दारापर्यंत आली आणि तेथे थांबली.

संपदा म्हणाली, "वॉव. कोण आहेत हे?"

मी म्हटले, "वाचक."

२७ ऑक्टोबर, सोमवार

माणसाच्या सहा शत्रूंत मत्सर शेवटी गणला आहे. गुरुजी म्हणत, शेवटचा म्हणून धाकटा समजू नका. पहिल्या पाचांना निदान काही हवे असते, याला दुसऱ्याजवळ नसावे एवढेच हवे असते.

हे वाक्य त्याच सप्ताहात आहे. चौथा दिवस. मीच ध्वनिमुद्रित केले आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार

आज श्रोते येण्यापूर्वी डाव्या स्पीकरची तार मी अ‍ॅम्प्लिफायरमधून सैल केली. सैल करणे आणि काढणे यांत भेद आहे. वस्तूची हानी झालेली नाही; तार तेथेच मागे गुंडाळून ठेवली आहे, केव्हाही लावता येईल. श्रोत्यांना गेल्या चार बैठकींत ज्या पद्धतीची सवय झाली ती एकाएकी मोडू नये, असाही एक विचार होता.

पंधरा श्लोक म्हटले. भुंगा नसल्यामुळे माझा आवाज अधिक उठून दिसला.

रघुनंदनराव म्हणाले, "दुरुस्त झाले म्हणत होता ना अण्णा? डावे अजून झोपलेलेच."

मी उत्तर देण्यापूर्वी तेच पुढे म्हणाले, "वरच्या मुलीने काही उचकले असेल. या पोरांना नवे तेवढे कळते, जुन्याला हात लावू देऊ नये."

संपदा दाराशी बसली होती. मी काही बोललो नाही. मी असत्य बोललो नाही, हे नमूद करतो.

३ नोव्हेंबर, सोमवार

संपदा कार्यालयाला जाताना जिन्यात भेटली. "काका, सॉरी हं. माझ्याकडूनच काहीतरी डॅमेज झालं असणार. मला खूप गिल्टी वाटतंय. मी बघू का परत?"

"नको," मी म्हटले. आवाज हवा त्यापेक्षा कठोर निघाला.

"पण शनिवारी पुण्यतिथी आहे ना? तुमचे ते वाचक येणारेत, काकू सांगत होत्या."

"आहे तसे चालेल."

ती दोन पायऱ्या उतरली, पुन्हा वर आली. "मी खरंच फक्त सॉकेट साफ केलं, काका. बाकी कशाला हात नाही लावला."

"मला ठाऊक आहे," मी म्हटले. या वाक्यात सारे सत्य होते. तिला ते सांत्वन वाटले असावे.

दुपारी जपाला बसलो. माळ तीनदा मध्येच थांबली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सातव्या दिवसात एकवीस श्लोक आहेत. सकाळपासून ज्येष्ठमध चघळतो आहे. एकवीसही श्लोक दोनदा म्हणून झाले. शेवटचा श्लोक वर चढतो. तेथे श्वास पुरावा म्हणून वसुमती देवळात गेली तेव्हा उभे राहून म्हटला. पुरला.

उद्या विठोजी समोर बसेल. डावी बाजू गप्प राहील आणि प्रत्येक श्लोक माझ्या मुखातून येईल. तो ऐकेल. बेचाळीस वर्षांनी तो ऐकणारा असेल आणि मी वाचणारा. गुरुजींच्या निवडीवर मी टीका करीत नाही. दुसरा पर्याय कसा झाला असता, तेवढे त्याच्या कानावर पडावे.

९ नोव्हेंबर, रविवार. सकाळ

काल लिहिणे झाले नाही. घडले त्या क्रमाने लिहितो.

चारच्या सुमारास संध्येची गाडी दाराशी थांबली. विठोजी उतरला. मी त्याला मनात जसा धरून बसलो होतो, भरदार, मान ताठ, तसा तो नव्हता. सदरा खांद्यांवरून ओघळत होता आणि गळ्याभोवती उपरणे गुंडाळलेले होते. त्याने हात जोडले, ओठ हलले, आणि काहीच ऐकू आले नाही. माझे कान गेले की काय, असे मला क्षणभर वाटले.

संध्या हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, आषाढात मामंजींच्या घशाचे ऑपरेशन झाले. गाठ होती. स्वरयंत्र काढावे लागले. ते म्हणाले कोणाला सांगू नको, म्हणजे लिहून म्हणाले. घरी त्यांच्या आवाजाचे काहीच नाही, एखाद्या लग्नातली फीतसुद्धा नाही. नातू अकरा महिन्यांचा आहे. तुमच्याकडे आहे तेवढेच. चालेल तर मी फोनवर उतरवून घेईन म्हणते."

वसुमतीने विठोजीचा हात धरून त्याला आत नेले. मी फोनवरच्या त्या दोनदा झालेल्या टकटकीचा विचार करीत अंगणात उभा राहिलो.

सव्वीस माणसे जमली होती. वसुमतीने विठोजीला डाव्या स्पीकरसमोरच बसविले. त्याने मांडीवर मुलांची असते तशी एक लिहून पुसावयाची पाटी ठेवली. संध्येने फोन स्पीकरपाशी ठेवला. मी कॅसेट लावली.

आता कोणी म्हणेल, तेव्हाच तार का लावली नाहीस. उत्तर लिहितो. सर्वांसमोर उठून यंत्रामागे गेलो असतो, तर माझ्या हातांना ती जागा नेमकी कशी ठाऊक, हे सव्वीस जणांना कळले असते. विठोजीची दशा पाहूनही माझी लाज त्याच्या आवाजाहून मला मोठी वाटली. जेवढे होते तेवढे लिहिले.

गुरुजींचे मंगलाचरण झाले. पहिल्या श्लोकाची जागा आली. कॅसेट फिरत होती. सव्वीस माणसांनी, सवयीने, माझ्याकडे पाहिले. रघुनंदनरावांनी मान हलवून खूण केली: म्हणा, अण्णा. श्लोक जिभेवर होता. ज्येष्ठमधाची चव होती.

विठोजी माझ्याकडे पाहत नव्हता. तो त्या गप्प जाळीकडे पाहत होता आणि त्याचे ओठ हलत होते. तो श्लोक म्हणत होता. अक्षर ऐकू येत नव्हते, पण ओठांवरून मी सांगू शकत होतो की तो दुसऱ्या चरणात आहे. आणि तो ऐकण्यासाठी थांबून थांबून म्हणत होता, जणू जाळीतून कोणी साथ देईल.

मी उठलो. यंत्रामागे गेलो, गुडघे टेकले, गुंडाळलेली तार उलगडली आणि तिची दोन टोके आपापल्या जागी दाबली. फट् असा आवाज झाला, आणि श्लोकाच्या चौथ्या चरणात विठोजी खोलीत आला.

तो काय आवाज होता हे मी लिहिणार नाही. वसुमतीने घागरीचे सांगितले ते बरोबर आहे.

श्लोक संपला तेव्हा मी कॅसेट थांबविली आणि तेथेच, गुडघ्यांवर, म्हटले, "संपदेने काही बिघडवले नव्हते. तिने नीट केले होते. ही तार मी काढली होती."

रघुनंदनराव म्हणाले, "आज, अण्णा?"

"गेल्या शनिवारपासून."

"का?"

मी विठोजीकडे पाहिले. "हा ऐकू येऊ नये म्हणून."

मग दाराशी बसलेल्या संपदेने विचारले, "काका, म्हणजे वायर ठीक होती?"

"ठीक होती."

"बरं झालं," ती म्हणाली. "मी आठवडाभर लंच टाइममध्ये जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरचं वाचत बसले होते." काही लोक हसले. हसण्याला त्यांचा इलाज नव्हता. रघुनंदनरावांनी मागे वळून तिला हात जोडले आणि म्हणाले, "अम्मा, मीही एक वाक्य जास्तच बोललो होतो."

कॅसेट पुन्हा आरंभापासून लावली. एकवीसही श्लोक झाले. मी एकही म्हटला नाही. संध्येचा फोन सारा वेळ जाळीसमोर होता आणि तिचा पदर डोळ्यांना होता. विठोजी डोळे मिटून बसला होता. शेवटच्या श्लोकाशी त्याने डोळे उघडले आणि थेट माझ्याकडे पाहिले.

सारे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. वसुमती कॉफी गाळीत होती. म्हणाली, "मला गेल्या शनिवारीच ठाऊक होते. तार एवढी नेटकी गुंडाळणारे या घरात तुम्हीच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही केव्हा लावता ते पाहत होते." तिने दोन पेले माझ्या हातात दिले. "हा त्यांचा. कोमट आहे, त्यांना गरम चालत नाही म्हणे."

विठोजीशेजारी जाऊन बसलो. पेला त्याच्या हातात दिला. क्षमा मागावयाची होती. संस्कृतात आणि मराठीत मला तिचे पुष्कळ शब्द येतात, त्यांतला एकही पुढे आला नाही. त्याने कॉफीचे दोन घोट घेतले, पेला खाली ठेवला, पाटी उचलली आणि बराच वेळ लिहीत राहिला. अक्षर अजून तसेच आहे, लेथवर कातल्यासारखे. पाटी माझ्यापुढे धरली.

"सातही दिवस मी गुरुजींकडे पाहून वाचले नाही. यंत्रापाशी तू बसला होतास, तुझ्याकडे पाहून वाचले. माझा उच्चार चुकला की तुझी भुवई हले. मी गुरुजींना विचारले होते, गुरुराजाला का नाही बसवत? ते म्हणाले, तो समोर असला म्हणजे तू चुकणार नाहीस."

मी वाचले. पुन्हा वाचले. त्याने पाटी पुसली आणि आणखी एक ओळ लिहिली. "आज एकविसाव्याला पण हलली."

हलली होती. तेथे त्याने एक ऱ्हस्व स्वर दीर्घ केला आहे. बेचाळीस वर्षे ऐकतो आहे.

तो हसू लागला. नाद नाही, नुसते खांदे हलत होते. आणि मग माझेही हलू लागले.

ही वही माझ्यामागे ज्याच्या हाती पडेल, आणि जो कोणी ही पाने येथवर वाचील, त्याच्या कानांना सुख लाभो. ज्याचा आवाज आपल्याला सोसवत नाही, तो ऐकावयाचे बळ त्याला मिळो. त्याच्या घरी कोणी गप्प झाला असेल, तर त्याचे बोलणे कोठेतरी साठविलेले सापडो. वाचणाऱ्यांचे, त्यांच्या आप्तांचे, आणि ज्यांचा ते हेवा करतात त्यांचेही, श्रीहरी कल्याण करो.